अख्खा की सुटा

छोट्याचा कॉम्प्युटर विकून टाकावा, ही कल्पना मुळात त्याच्या मामाची. मामा अधूनमधून बहिणीकडे यायचा, चहा घ्यायचा, भाच्याच्या बंद दाराकडे बघून मान हलवायचा आणि उठताना एखादा सल्ला मागे ठेवून जायचा. त्या दिवशी त्याने सांगितलं, की रोग त्या खोलीत नाही, त्या पेटीत आहे. माणूस बोलवा, पेटी उचलू द्या. चार दिवस आदळआपट करेल, पाचव्या दिवशी भूक लागली की मुकाट बाहेर येईल.

छोट्या हे नाव तो धाकटा म्हणून पडलं आणि पुढे चिकटलंच. आता तो स्वयंपाकघराच्या चौकटीतून वाकून यायचा. एका कचेरीत नोकरीला होता. ती कचेरी बंद पडली तसा तो खोलीत गेला, आणि मग आंघोळीपुरता आणि जेवणाचं ताट घेण्यापुरताच बाहेर येऊ लागला. दुपार व्हायच्या सुमाराला उठायचा, सावकाश आंघोळ करायचा, पुन्हा आत. दाराखालच्या फटीतून निळसर उजेड यायचा आणि पंख्याची घरघर. नोकरीत असताना पगारातून एकेक भाग आणून त्याने तो कॉम्प्युटर स्वतः जुळवला होता. तेव्हा बापाला हाताला धरून आत नेऊन दाखवलाही होता.

बाप लिफ्टचा मेकॅनिक. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं आणि बायकोही चारचौघांत तेच म्हणायची. आयुष्यभर लोकांना वर-खाली नेणाऱ्या दोऱ्या आणि चाकं त्यांनी सांभाळली, आणि निवृत्त झाल्यावर घरी बसले तर समोर हे बंद दार. लिफ्ट अडकली की काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं. पोरगा अडकला की काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

मामाचा सल्ला त्यांना पटला, पण छोट्याच्या आईने त्यांना अडवलं. मागे एकदा चिडून मिस्त्रींनी वीज बंद केली होती, तेव्हा छोट्या दारात येऊन अगदी शांतपणे म्हणाला होता, "हा गेला ना, तर मग माझंही काही सांगता येत नाही." ओरडला असता तर तिला इतकी भीती वाटली नसती. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसा तो बोलला होता.

मग मिस्त्री बाजारात जुन्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. दुकानदार बोलका होता. त्याने विचारलं, अख्खा द्यायचा की सुटा? अख्खा दिला तर पैसे कमी, पण एका फेरीत मोकळे. सुटा दिला तर पैसे जास्त, पण आधी मलई जाते आणि शेवटी उरलेल्या सांगाड्याला कुणी विचारत नाही. शिवाय एकदा सुटं केलं की परत तेच जुळेल असं समजू नका, हेही त्याने सांगितलं. मिस्त्रींचं पैशाकडे लक्षच नव्हतं. त्यांच्या कानात "सुटा" हा शब्द राहिला होता. घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, की एकदम नेला तर आकांत करेल. एकेक भाग काढत गेलो तर यंत्र हळू होईल, अडखळेल, कंटाळवाणं होईल आणि तो आपणहून सोडेल. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही.

तिला ते आवडलं नाही. पण नाही म्हणायचं तर तिच्याकडे दुसरा उपाय नव्हता. ती शिवणकाम करायची. कात्रीत सापडणं म्हणजे काय ते तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.

छोट्या आंघोळीला गेला की मिस्त्री पेचकस घेऊन आत जात. पहिल्यांदा त्यांनी मेमरीची एक पट्टी काढली. दोन होत्या, एक ठेवली. हात इतका सराईत की झाकण पुन्हा बसवून, स्क्रू पूर्वीइतकाच आवळून ते बाहेर आले तेव्हा आत अजून पाणी पडत होतं. त्या दिवशी आई मशीनवर बसून होती, पण टाका घालत नव्हती. छोट्या खोलीत गेला. कॉम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग बराच वेळ काहीच नाही. जेवणाचं ताट घ्यायला तो आला तेव्हा त्याने एकदा बापाकडे पाहिलं, ताट उचललं आणि गेला.

"बघ," मिस्त्री म्हणाले, "कळलंसुद्धा नाही त्याला."

आईला वाटलं, कळलंय. नीट कळलंय.

काही दिवसांनी त्यांनी मोठं कार्ड काढलं, चित्रं दाखवणारं, स्वतःचे पंखे असलेलं. ते विटेसारखं जड होतं. दुकानदार ते हातात घेऊन खूश झाला आणि त्याने विचारलं, हे कुणाचं? मिस्त्री म्हणाले, माझंच. या वेळीही छोट्या एक अक्षर बोलला नाही. फक्त दाराखालचा उजेड लवकर विझू लागला. मिस्त्रींना वाटलं, औषध लागू पडलं.

त्याच सुमाराला घरातल्या वस्तू बिघडायला लागल्या.

आधी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा गेला. घड्याळ चालत होतं, वेळ बरोबर दाखवत होतं, फक्त तो काटा नव्हता. काच जिथल्या तिथे. मिस्त्री म्हणाले, जुनं झालंय. मग कुकरची शिट्टी सापडेना. मग बॅटरीच्या आतली स्प्रिंग. मग मिस्त्रींच्या चष्म्याची एक काडी पेपर वाचता वाचता गळून मांडीवर पडली, तिचा केसाएवढा स्क्रू नव्हता. आई स्वतःलाच दोष देत राहिली, की वय झालं, ठेवते कुठे आणि शोधते कुठे. पण एका सकाळी शिवणयंत्राखालची बॉबिन केस जागेवर नव्हती. ती मात्र कधी हरवत नाही. बायका मंगळसूत्र जपतात तशी ती तिने इतकी वर्षं जपली होती.

छोट्या आंघोळीला गेल्यावर उष्टं ताट आणायचं निमित्त करून ती आत गेली. खिडकीखालच्या फळीवर एक पांढरा रुमाल पसरला होता. त्यावर सगळं ओळीने मांडलेलं होतं. सेकंदकाटा, शिट्टी, स्प्रिंग, तो बारीकसा स्क्रू, बॉबिन केस. प्रत्येकाभोवती सारखी जागा सोडलेली. धूळ नाही, ओरखडा नाही. बापाचा नीटनेटकेपणा पोरात पुरेपूर उतरला होता. चोरी पकडल्यावर माणसाला राग येतो, तिला राग आला नाही. एका गिऱ्हाइकाचं काम अडलं होतं म्हणून तिने फक्त बॉबिन केस उचलली आणि पदराआड धरून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी बॉबिन केस जागेवर होती. शिवणयंत्राचा पट्टा नव्हता.

तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, ते हबकतील, हा खेळ थांबवतील. पण मिस्त्रींचा चेहरा उलट कठीण झाला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोराशी आपण पैज मारून बसलोय हे त्यांना दिसत नव्हतं. ते म्हणाले, "बघू कोण आधी दमतं ते."

त्या दिवसापासून घर फार शांत झालं. बाप आणि लेक समोरासमोर आले की एकमेकांना वाट देत, एरवीपेक्षा जास्त अदबीने. मिस्त्री खुर्चीवर बसण्याआधी तिचा पाय हलवून बघू लागले. आई कपाट उघडताना दाराला हात लावून धरायची, निखळून अंगावर येईल म्हणून. एकदा वरच्या फळीवरून डबा काढताना फळी हलली आणि ती तशीच हात वर करून उभी राहिली. खिळे शाबूत होते. पण भीती एकदा घरात शिरली की तिला खिळ्यांची गरज लागत नाही.

शेवटी ती छोट्याच्या दाराशी गेली. त्याने दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे थकलेले, पण आवाज तोच, मऊ. तिने विचारलं, हे काय चालवलंयस?

"आई, मी अख्खं काहीच घेतलं नाही," तो म्हणाला. "बाबांनी तरी कुठे घेतलंय?"

"मग भांड त्यांच्याशी. ओरड. असं नको करूस."

त्याने थोडा विचार केल्यासारखं केलं. मग दार हळूच लावून घेतलं, पाहुण्याच्या तोंडावर लावताना लावतात तसं.

तिने मिस्त्रींना हात जोडले, की आता पुरे, आणलेले पैसे परत देऊ, भाग परत आणू. त्यांनी हो-हो केलं. पण पुढच्याच आठवड्यात, ती नळावर पाणी भरत असताना, त्यांनी पेचकस खिशात टाकला. या वेळी डिस्क काढायची होती. ती गेली की विषय संपला, असा त्यांचा हिशेब. पण छोट्याने त्या दिवशी आंघोळ लवकर आटोपली. न्हाणीघराची कडी वाजली तेव्हा मिस्त्री डिस्क हातात घेऊन त्याच्या टेबलाशी वाकलेले होते. झाकण तसंच उघडं टाकून ते बाहेर आले, चपला अडकवल्या आणि स्कूटर सुरू करून निघून गेले. गल्लीच्या तोंडापर्यंत आवाज ऐकू आला.

आई पाणी घेऊन आली तेव्हा छोट्या डोक्याला टॉवेल गुंडाळून आपल्या दारात उभा होता. उघड्या पेटीकडे बघत नव्हता. खिडकीतून रस्त्याकडे बघत होता. त्याने विचारलं, "ब्रेक दाबून बघितला का त्यांनी?"

आईला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय. मिस्त्रींची जन्माची सवय होती, स्कूटरवर बसलं की आधी जागेवरच दोनदा ब्रेक दाबायचा, मग किल्ली लावायची. सगळा मोहल्ला त्यांना त्यावरून चिडवायचा. तिने आठवून पाहिलं. नळावरून तिने त्यांना जाताना पाहिलं होतं, आज त्यांनी दाबला नव्हता.

बाजाराकडे जाणारा उतार घरापासून लांब नव्हता.

फोन आला तो रुग्णालयातून. उताराच्या तळाशी माल उतरवणारी गाडी उभी होती. मिस्त्रींनी ब्रेक दाबला तर पाय सरळ खाली गेला. त्यांनी स्कूटर भिंतीकडे घातली. गळ्याखालचं हाड मोडलं होतं, खांदा सोलवटला होता, डोकं वाचलं होतं. चौकशीला आलेल्या शिपायाला त्यांनी सांगितलं, की ब्रेकच्या केबलचा नट आवळायचा राहून गेला, माझीच चूक. शिपायाने लिहून घेतलं. खाटेशी बसलेल्या बायकोने ऐकलं आणि मान खाली घातली. नट आवळायचा राहून गेला, हे वाक्य त्यांच्या तोंडून तिने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं होतं.

संध्याकाळी छोट्या आला. पायीच आला असावा, शर्ट घामाने भिजला होता. इतक्या दिवसांनी त्याला उघड्यावर, माणसांत पाहताना आईला तो आजारी वाटला, पिवळट, वितळल्यासारखा. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. मिस्त्री त्याच्याकडे बघून म्हणाले,

"अजून काय काय सैल केलंयस, तेवढं सांग. आई घरात एकटी असते."

छोट्या म्हणाला, "मला वाटलं, दारातच कळेल तुम्हाला. दरवेळी ब्रेक दाबून बघता."

"ते झालं. अजून काय?"

"गॅसची नळी," तो म्हणाला. "शेगडीकडची पट्टी. सकाळी सैल केली होती. मग वाटलं नको, म्हणून परत आवळायला गेलो. आवळली की नाही ते... आठवत नाही. बाबा, खरंच आठवत नाही."

आईच्या हातातली पिशवी खाली पडली. घराची किल्ली शेजारणीकडे होती. या दोघांसाठी दोन घास शिजवून आणते असं फोनवर सांगून ती बिचारी मघाशीच त्यांच्या घरी गेली होती.

आईने शेजारणीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. छोट्या तोपर्यंत वॉर्डाच्या दारातून बाहेर पडला होता. त्याला पळताना पाहून एक परिचारिका ओरडली. मग तो दिसेनासा झाला. आई उठली, तिला कळेना जायचं की थांबायचं. मिस्त्रींनी चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं. "तो पोचेल," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "मी त्याला आधीच विचारायला हवं होतं का गं?"

ती फोन लावत होती. खिडकीबाहेर शहरावर कुठे धूर दिसतो का, हे तिने एकदा पाहिलं, आणि मग पुन्हा पाहायचं धाडस केलं नाही. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता. ट्रॉलीचं चाक करकरत गेलं. प्रत्येक आवाजाला ती दाराकडे बघत होती.

फोन आला तेव्हा तिला तो उचलता येईना, मिस्त्रींनीच कानाला लावून दिला. पलीकडे छोट्या धापा टाकत होता. "आई, घट्ट होती," तो म्हणाला. "घट्टच होती." मागे शेजारीण मोठ्याने विचारत होती, की झालं काय, हा असा दार तोडल्यासारखा का आला. ती मागच्या गॅलरीत भाजी निवडत बसली होती, फोन आत वाजत होता. शेगडी तिने अजून पेटवलीच नव्हती.

मिस्त्री घरी आल्यावर बऱ्याच गोष्टी कळल्या, आणि त्या छोट्याने सांगितल्या, कारण आता त्यांनी विचारल्या. खोलीत बसून तो दोन ठिकाणची कामं करू लागला होता. इमारतींची चित्रं हलती करून दाखवायची, घर बांधण्याआधी गिऱ्हाइकाला आत फिरवून आणायचं, असलं काहीतरी. पैसे अजून फारसे मिळत नव्हते, म्हणून सांगितलं नव्हतं. जमलं की सांगू, असं ठरवलं होतं. मेमरीची पट्टी गेली तेव्हा काम रखडलं. कार्ड गेलं तेव्हा काम गेलं. आई म्हणाली, अरे, मग बोलायचंस. तो म्हणाला, बोलायला गेलो तर दारात कुणी उभंच नसायचं, सगळे आंघोळीची वाट बघत असायचे.

ती दुकानदाराकडे गेली. एकटीच गेली, भाग परत विकत घ्यायला. दुकानदाराने तिला बसायला दिलं, पण मेमरीची पट्टी आणली त्याच दिवशी विकली गेली होती, आणि कार्ड दुसऱ्या गावच्या कुणीतरी नेलं होतं. डिस्क स्कूटरवरून पडली तेव्हाच फुटली होती. तो म्हणाला, मी यांना सांगितलं होतं, ताई. ती म्हणाली, हो, माहीत आहे.

उरलेला कॉम्प्युटर विकायचं छोट्यानेच ठरवलं. दुकानदार घरी आला तेव्हा त्याने स्वतः झाकण उघडून दाखवलं, की कार्ड नाही, एक पट्टी नाही, डिस्क नाही, बाकी सगळं आहे, घ्यायचा तर अख्खा घ्या. दुकानदार म्हणाला, याला अख्खा म्हणायचं धाडस तुमचंच. त्याने पेटी उचलली आणि जिना उतरून गेला. टेबलावर तिच्याएवढा स्वच्छ चौकोन राहिला.

त्याच दुपारी छोट्याने रुमालावरची एकेक वस्तू परत बसवली. काटा, शिट्टी, स्प्रिंग, पट्टा. मिस्त्री खुर्चीवरून बघत होते. सगळं पूर्वीसारखं चालू लागलं. तरी रोज चहा ठेवण्याआधी आई शेगडीमागची पट्टी बोटांनी चाचपते. छोट्या बघत असला तर ओटा पुसल्यासारखं करते. त्यालाही ते माहीत आहे, असं तिला वाटतं.

छोट्याच्या खोलीचं दार आता उघडं असतं. तो आत पलंगावर बसलेला दिसतो, हात मांडीवर. जेवायला बोलावलं की येतो. काम शोधतोय, म्हणतो. मामा येऊन गेला, भाच्याला बाहेर बघून त्याला धन्यता वाटली, आणि आपण सांगितलं तेच झालं असं तो म्हणाला.

काल सकाळी मिस्त्रींना पट्टी बदलायला रुग्णालयात जायचं होतं. एका हाताने शर्ट चढला, पण बटणं जमेनात. बायको पुढे झाली तर त्यांनी तिला थांबवलं आणि उघड्या दाराकडे बघून हाक मारली. छोट्या आला. बापासमोर उभा राहून तो खालून एकेक बटण लावत वर आला, न चुकता, सावकाश. शेवटचं बटण गळ्यापाशी होतं. मिस्त्रींनी हनुवटी वर केली. आईच्या हातात चहाचा कप होता, तो तिने खाली ठेवला नाही, प्यायलीही नाही. तिला फक्त पोराची बोटं दिसत होती, लांब, नेमकी, बापाच्या गळ्याशी.

"घट्ट होतंय?" छोट्याने विचारलं.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "राहू दे."